प्रसूतितज्ज्ञांना खुले पत्र: नाळेतील रक्ताविषयी पालकांना पूर्ण सांगावे

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर, तसेच आपल्या जिल्हा व राज्य पातळीवरील संघटनांचे पदाधिकारी यांस,

सादर नमस्कार.

बाळाच्या नाळेतील रक्त पैसे भरून खासगी पेढीत साठवून ठेवण्याची योजना आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावांतील प्रसूतिगृहांतही ती गर्भवतींपुढे मांडली जाते. ती मांडताना या रक्तातील मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल्स, काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, हे मात्र पालकांना पुरेसे सांगितले जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी विनंती सुरुवातीलाच स्पष्ट करते. ज्या कुटुंबात वैद्यकीय कारण नाही, तिथे ‘बाळाच्या स्वतःच्या भविष्यासाठी’ म्हणून नाळेतील रक्त साठवण्याचा प्रचार आपल्या दवाखान्यात होऊ देऊ नये, आणि ज्या थोड्या कुटुंबांत असे कारण खरोखरच आहे, ती कुटुंबे आपल्या नजरेतून सुटू नयेत. मी रक्तपेढीत रक्तसंक्रमण अधिकारी म्हणून नोकरी केली आणि थॅलेसेमियाच्या, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या, मुलांना रक्त चढवले जाते त्या कक्षाचे कामही पाहिले. आता निवृत्त आहे. कोणत्याही पेढीशी, औषध कंपनीशी किंवा दात्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेशी माझा आर्थिक संबंध नाही.

सातवा महिना लागला की बहुतेक जोडप्यांच्या कानावर ही योजना येते. तपासणीच्या फाइलला माहितीपत्रक जोडलेले असते, किंवा वेटिंग रूममध्ये टेबल मांडून बसलेली प्रतिनिधी त्यांना बोलावून घेते. रक्कम अर्ध्या लाखाच्या पुढेमागे असते आणि हप्त्यांची सोय असते. पत्रकावर ऐंशीच्या घरातल्या आजारांची यादी छापलेली असते, तिच्यात रक्ताचा कर्करोग आणि थॅलेसेमिया ठळकपणे, आणि त्याखाली ‘संशोधन सुरू आहे’ अशा बारीक अक्षरांच्या आश्रयाने मधुमेह, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मणक्याची दुखापत. ही संधी आयुष्यात एकदाच मिळते, हे वाक्य तर बहुधा असतेच. मग आजी-आजोबा नातवंडासाठी म्हणून मुदत ठेव मोडतात. यात त्यांचे काहीही चुकत नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यात ठेवलेला कागद डॉक्टरांना मान्य असणार, असे कोणताही समंजस माणूस धरून चालतो, आणि नेमकी म्हणूनच जबाबदारी पेढीच्या प्रतिनिधीपेक्षा आपल्यावर अधिक येते.

या यादीतला मूळ घोळ असा की निरनिराळ्या जातींच्या मूलपेशींनी मिळवलेले यश ती एकाच खात्यावर जमा करते. नाळेच्या रक्तात प्रामुख्याने असतात त्या रक्तजनक मूलपेशी. टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलक यांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांतून त्यांचे अस्तित्व दाखवले. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स यांची जन्मभर पैदास करणे हे त्यांचे काम. मेंदूच्या पेशी, स्वादुपिंडाच्या पेशी किंवा कण्याच्या तंतूंची दुरुस्ती हा त्यांचा प्रांत नाही. त्यांच्या प्रत्यारोपणाचा उपयोग मात्र निर्विवाद सिद्ध झालेला आहे: भारतातले पहिले अस्थिमज्जेचे, म्हणजे या पेशी एरवी ज्यात असतात त्या हाडांतील मगजाचे, प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, आणि तेव्हापासून रक्ताच्या व प्रतिकारशक्तीच्या गंभीर आजारांतून कितीतरी रुग्ण या मार्गाने बरे झाले आहेत.

भ्रूणातील मूलपेशींची गोष्ट निराळी आहे. विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी १९९८ साली काही दिवसांच्या मानवी भ्रूणातून त्या वेगळ्या करून वाढवल्या. शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी त्यांच्यापासून बनू शकते, आणि त्याच क्षमतेमुळे त्या तशाच टोचल्या तर नाना प्रकारच्या ऊतींची सरमिसळ असलेली गाठ वाढण्याचा धोका असतो. आपल्या परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल स्वास्थ्य संशोधन संस्थेतही अशा पेशींचे दोन वंश तयार झालेले आहेत. पुढे क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या साध्या त्वचापेशींत चार जनुके घालून त्यांना जवळपास भ्रूणपेशींसारखी क्षमता मिळवून दिली. २०१२ चे नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळाले. पुनर्निर्माण वैद्यकातील, म्हणजे रीजनरेटिव्ह मेडिसिनमधील, ज्या बातम्यांनी आपण सारे हरखून जातो, त्यांतल्या बहुतेक या दोन जातींच्या आहेत. २०१४ साली जपानमधील कोबे येथे डोळ्याच्या पडद्यामागील पेशींचा थर एका वृद्धेच्या डोळ्यात बसवला गेला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या बारा रुग्णांना प्रयोगशाळेत घडवलेल्या स्वादुपिंडाच्या पेशी दिल्यावर वर्षाअखेर दहा जणांना इन्सुलिनची गरज उरली नाही, मात्र त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागली. पार्किन्सनच्या रुग्णांवरील छोट्या चाचण्यांचे आशादायक निष्कर्षही त्याच वर्षी आले.

या तिन्ही ठिकाणी साठवलेले नाळेतील रक्त वापरलेले नव्हते. शिवाय यामानाकांच्या पद्धतीसाठी लागणाऱ्या पेशी प्रौढ वयात दंडातून काढलेल्या चमचाभर रक्तातूनही मिळतात, त्यामुळे ‘आयुष्यात एकदाच’ हे वाक्य ज्या विज्ञानाचा हवाला देऊन छापले जाते, त्या विज्ञानानेच ते निकाली काढलेले आहे. एवढी एक गोष्ट जरी पालकांना कळली तरी त्यांचा निर्णय पुष्कळदा बदलेल, असे मला वाटते.

हल्ली रक्ताबरोबर नाळेचा तुकडाही साठवा, असा प्रस्ताव वाढीव शुल्कासह येतो. त्या तुकड्यात मेसेनकायमल पेशी, म्हणजे हाड, कूर्चा, चरबी अशा ऊती बनवू शकणाऱ्या मूलपेशी, असतात हे खरे. परंतु या जातीच्या पेशींपासून बनवलेल्या ज्या औषधाला आपल्या देशात औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली आहे, ते बर्जर रोगाने पायाचा रक्तपुरवठा तुटलेल्या रुग्णांसाठी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी असून, ते निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतून कारखान्यात तयार होते. रुग्णाने स्वतःच्या जन्माच्या वेळी काही साठवले होते का, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आपल्या शाखेचा एक वाटा यात आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. चुना किंवा आम्ल डोळ्यात जाऊन बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी जळाल्या, तर दुसऱ्या, निरोगी डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून ते जळालेल्या बुबुळावर पसरण्याची शस्त्रक्रिया हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी विकसित केली व २०१२ साली जगापुढे ठेवली. ते कण ज्या पातळ पडद्यावर पसरतात, तो गर्भाभोवतीच्या पिशवीचा असतो आणि सिझेरियनच्या वेळी आयांनी दान केलेल्या वारेतून मिळवलेला असतो. प्रसूतिगृहातून पुनर्निर्माण वैद्यकाला मिळणारी सिद्ध मदत म्हणतात ती ही, आणि तिच्यासाठी कोणाही कुटुंबाला हप्ते भरावे लागत नाहीत.

आता ज्या आजारांत नाळेच्या रक्ताचा उपयोग खरोखर होतो, तिथेही ते रक्त रुग्णाचे स्वतःचेच असले तर काय होते, ते पाहू. आमच्या कक्षात एक जोडपे आले होते. मुलगी दीड वर्षाची, चेहरा पांढराफटक, हिमोग्लोबिन पाचाच्या आत. निदान थॅलेसेमिया मेजर. वडिलांनी रक्ताचे अहवाल बाजूला सारून प्लॅस्टिकच्या आवरणात जपून ठेवलेले एक प्रमाणपत्र पुढे केले. त्यावर मुलीच्या नाळेतील रक्ताची नोंद, गोठवल्याची तारीख आणि टाकीचा क्रमांक होता. “आम्ही सगळं आधीच करून ठेवलंय मॅडम, आता फक्त कुठे पाठवायचं ते सांगा,” असे ते म्हणाले. ज्या जनुकीय दोषामुळे मुलगी आजारी होती, तोच दोष त्या पिशवीतल्या प्रत्येक पेशीत होता. तिचेच रक्त तिला परत देऊन तिचा आजार जाणार नव्हता. हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी प्रमाणपत्र उलटवून मागची यादी दाखवली. थॅलेसेमिया तिच्यात होता. यादी एका अर्थाने खोटी नव्हती, कारण दुसऱ्याच्या, जुळणाऱ्या दात्याच्या मूलपेशींनी हा आजार बरा होतो. मात्र त्या ‘दुसऱ्याच्या’ एवढ्या एका शब्दाला पत्रकात जागा नव्हती. आणि त्या आईची गरोदरपणात एचबीए२ ची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचे प्रमाण मोजण्याची, साधी तपासणी झालेली नव्हती, जी झाली असती तर ती वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसूनही दोष मुलांकडे देऊ शकणारी, असल्याचे तेव्हाच कळले असते. रक्त साठवण्याबद्दल तिला सांगायला वेळ मिळाला होता, तपासणीबद्दल सांगायला मिळाला नव्हता, याची चुटपुट मला आजही आहे.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची स्थिती हीच आहे, आणि विदर्भात व नंदुरबारकडे काम करणाऱ्या डॉक्टरांना ती मी सांगायला नको. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातही स्वतःचे नाळेतील रक्त सहसा वापरत नाहीत. काही ल्युकेमियांची पहिली जनुकीय खूण जन्माच्या वेळी घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबांतही सापडलेली आहे, म्हणजे रोगाचे बीज त्या पिशवीतही असू शकते. शिवाय परक्या दात्याच्या पेशी उरलेल्या कर्करोगपेशींवर जो हल्ला चढवतात, तो स्वतःच्या पेशी चढवत नाहीत. साठवलेले रक्त त्या बाळाला स्वतःला पहिल्या वीस वर्षांत लागण्याची शक्यता निरनिराळ्या अंदाजांत अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक इतकी धरलेली आहे. मात्रेचा प्रश्न त्यापुढचा. नाळेतून मिळणारे रक्त साधारण ८० ते १०० मिलिलिटर असते, आणि प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे किमान अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात. त्यामुळे एक पिशवी बहुधा लहान मुलालाच पुरते, मोठ्या माणसाला दोन लागतात. आजी-आजोबांनाही उपयोग होईल, असे तोंडी सांगितले जाते तेव्हा हे गणित कोणी मांडत नाही.

ऑटिझमबद्दल मला विशेष कळकळीने लिहायचे आहे, कारण त्या मुलांचे आईवडील आशेच्या एका धाग्यावर घरदार गहाण ठेवायला तयार असतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १८० मुलांवर नाळेच्या रक्ताची नियंत्रित चाचणी झाली. २०२० साली आलेल्या निष्कर्षांत मुख्य कसोटीवर, म्हणजे सामाजिक वर्तनातील सुधारणेवर, पेशी नसलेला निष्क्रिय द्रव दिलेल्या गटाच्या तुलनेत फरक दिसला नाही. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: रक्तविकारांसाठीचे मान्य प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा कोणताही उपचार मंजूर चाचणीबाहेर करणे अनैतिक आहे. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनेही २०१८ च्या निवेदनात खासगी साठवणीला प्रोत्साहन देऊ नये, असे म्हटले आहे.

नाळेच्या रक्ताला मोल नाही, असे मात्र मी म्हणत नाही. १९८८ साली पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अॅनिमिया हा अस्थिमज्जा निकामी करणारा आनुवंशिक आजार झालेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले आणि त्याची अस्थिमज्जा नव्याने कामाला लागली. या शाखेची सुरुवातच तिथून झाली. ते रक्त बहिणीचे होते, हे इथे महत्त्वाचे. घरात थॅलेसेमियाचे मोठे मूल असेल आणि आई पुन्हा गर्भवती असेल, तर येणाऱ्या बाळाला हा आजार नसणे आणि त्याचे एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणासाठी जुळाव्या लागणाऱ्या पेशींवरील खुणा, मोठ्या भावंडाशी जुळणे या दोन्ही गोष्टी एकत्र घडण्याची शक्यता सोळांत तीन असते. आजाराचा निव्वळ वाहक असलेले भावंडही दाता होऊ शकते. अशा प्रसूतीच्या वेळी नाळेतील रक्त जरूर काढावे, जपावे, आणि त्याआधीच प्रत्यारोपण केंद्राशी बोलून घ्यावे. मुंबई महापालिकेचे बोरिवलीचे थॅलेसेमिया व प्रत्यारोपण केंद्र आणि कोल इंडियाच्या निधीतून प्रत्यारोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत मदत देणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना यांची माहिती असे कुटुंब आपल्याकडे येते त्याच दिवशी त्याला मिळाली, तर वर्षे वाचतात.

ज्यांना भावंडांत जुळणारा दाता मिळत नाही, त्यांच्यासाठी जगभरच्या नोंदवह्यांत चार कोटींहून अधिक स्वेच्छादाते आहेत. भारतातले दाते त्या मानाने फारच थोडे, आणि आपल्या लोकांशी जुळण्याची शक्यता आपल्याच लोकांत अधिक असते. अर्ध्या जुळणीच्या पालकांकडूनही प्रत्यारोपण करण्याची पद्धत आता रुळली आहे, त्यामुळे नाळेच्या रक्ताची मागणी जगभर उतरणीला लागली आहे. दान म्हणजे नेमके काय, याची भीती मात्र अजून घराघरांत आहे. मी पाहिलेले सांगते. चार-पाच दिवस त्वचेखाली इंजेक्शने घेतलेला एक तरुण दोन्ही हातांना नळ्या लावून खुर्चीत आडवा झालेला होता, यंत्र त्याचे रक्त फिरवून परत देत होते, आणि वरच्या छोट्या पिशवीत टोमॅटोच्या सारासारखा लालसर द्रव हळूहळू जमत होता. तीन-चार तासांनी तो उठला, चहा-बिस्किटे घेतली आणि आईला फोन लावून “झालं, निघतोय” एवढेच म्हणाला. मूलपेशींचे दान आज बहुतांशी असेच होते. हाडात सुई घालण्याची वेळ थोड्यांवरच येते. बाळाच्या भविष्याची एवढी काळजी असलेले तिशीतले आईबाप स्वतःच गालाच्या आतला कापसाचा बोळा देऊन नोंदणी करू शकतात, हे त्यांना आपल्याइतक्या अधिकाराने दुसरे कोण सांगणार?

यात आणखी एक अडचण आहे, आणि ती थेट आपल्या टेबलावरची आहे. नाळ लगेच न चिमटता किमान एक मिनिट थांबावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तीन मिनिटांत सुमारे १०० मिलिलिटर रक्त वारेतून बाळाकडे जाते आणि पुढच्या महिन्यांसाठी लोहाचा साठा त्यातून मिळतो. पेढीने दिलेल्या किटमधली पिशवी भरायची असते तीही त्याच रक्ताने. पेढीला पिशवी भरलेली हवी, बाळाला रक्त हवे, आणि दोघांनाही पुरेल इतके ते नसते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के रक्तक्षयी आढळली. अशा राज्यात, कदाचित कधीच न लागणाऱ्या पिशवीसाठी आज नक्की लागणारे लोह बाळापासून काढून घेणे मला पटत नाही, आणि शांतपणे विचार केल्यावर आपल्यालाही पटणार नाही, याची खात्री आहे.

मोबदल्याबद्दल लिहिणे टाळता आले असते तर बरे झाले असते. नोंदणी झालेल्या प्रत्येक कुटुंबामागे दवाखान्याला ‘संकलन शुल्क’ किंवा अन्य नावाने रक्कम मिळते, हे आपल्यातल्याच अनेकांनी मला खासगीत सांगितले आहे, आणि ती नाकारणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत. रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली, भेट वा सवलत घेण्यास वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांत कलम ६.४ खाली मनाई आहे. रक्कम संकलनाच्या श्रमापुरतीच आहे, असे कोणाचे म्हणणे असेल, तर ती पालकांना सांगून, पावतीवर दाखवून घ्यायला हरकत नसावी. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या सभासदांकडून असे आर्थिक हितसंबंध उघड करण्याची अपेक्षा कधीच ठेवलेली आहे.

आपल्या संघटनांकडे माझे मागणे असे आहे. राज्य परिषदेत या विषयावर ठराव करावा, आणि परिषदेच्या प्रदर्शनातील दालने कोणाला द्यायची याचा निर्णयही त्या ठरावाला धरून व्हावा. प्रत्येक गर्भवतीच्या पहिल्याच तपासणीत थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या वाहकतेची तपासणी सक्तीची मानावी, ती वाहक निघाल्यास नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हावी, आणि दोघेही वाहक असल्यास दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास होणाऱ्या गर्भतपासणीसाठी त्यांना वेळेत पाठवावे; परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था हे काम वर्षानुवर्षे करत आहे. पेढ्यांची पत्रके दवाखान्यातून काढून त्यांच्या जागी संघटनेने स्वतः लिहिलेले एक पानी मराठी निवेदन ठेवावे. त्यात स्वतःचे रक्त स्वतःला बहुधा का उपयोगी पडत नाही, भावंडासाठी ते कधी साठवावे, नाळ चिमटायला का थांबतात, आणि दाता म्हणून नोंदणी कशी करावी, एवढेच असावे. ते माहीत झाल्यावरही एखाद्या कुटुंबाला साठवण करायची असेल तर तो त्यांचा हक्क आहे, त्यांना अडवू नये. निवेदनाचा मसुदा मी तयार केला आहे. ज्या जिल्हा संघटनेला हवा असेल तिने तो घ्यावा, तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा, हवे तसे बदल करावेत आणि स्वतःच्या नावाने छापावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त रक्तसंक्रमण अधिकारी, पुणे